बाबांच्या गुडघ्यांसाठी आणि माझ्या ट्रेकसाठी एकच एक्झोस्केलेटन चालेल का?

तुम्ही विचारलंय की बाबांचं वय ६७, गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते, आणि तुम्हाला स्वतःला सह्याद्रीत भटकायची हौस आहे, तर कमरेला लावायचं मोटरवालं एक्झोस्केलेटन एकच घेऊन दोघांना वापरता येईल का आणि कुठलं घ्यावं. माझं वय ५३, पुण्यात राहते, गेले आठ महिने असं एक मशीन वापरतेय, भाच्याने अमेरिकेहून येताना आणलं. आईलाही ते लावून बघितलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. जरा मोठं होईल उत्तर, पण घाईत पैसे घालवू नका म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात. तुमच्यासाठी बजेट असेल तर जरूर घ्या, बाबांसाठी आत्ता नको.

मशीन काय करतं ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. कमरेला एक पट्टा, दोन्ही बाजूंना खुब्यापाशी एकेक मोटर, तिथून खाली आलेले दोन दांडे मांडीला पट्ट्याने बांधलेले. सेन्सर तुमच्या चालीची लय ओळखतात आणि पाय उचलायच्या वेळी मोटर मांडी वर ओढते, काही मशीन पाय मागे रेटतानाही मदत करतात. बस एवढंच. गुडघ्याला हात नाही, घोट्याला हात नाही. मिळतो तो जोर, तोल मात्र ज्याचा त्यालाच सांभाळावा लागतो.

हे मला आईमुळे कळलं. आईला तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली होती, आता वॉकर घेऊन घरात चालते. मशीन आलं त्याच आठवड्यात मला वाटलं आईला लावून बघूया. पहिली अडचण म्हणजे साडीवर मांडीचे पट्टे लागतच नाहीत, मग तिला माझी सलवार घातली, आयुष्यात पहिल्यांदा. भाच्याने अ‍ॅपवर सपोर्ट सगळ्यात कमी ठेवला. हॉलमध्ये चार पावलं इतकी छान पडली की आई चक्क हसली आणि मी तर रडायलाच लागले. पाचव्या पावलाला बेडरूमचा उंबरा आला. मशीनने मांडी उचलली, पण पाऊल खाली लोंबतंच होतं, अंगठा उंबऱ्याला अडकला आणि मशीन मांडी पुढे ओढतंय ते ओढतंयच. मी मागून कमरेला धरून होते म्हणून ती पडली नाही. त्यानंतर दोन दिवस ती वॉकर घेऊनसुद्धा उठायला तयार नव्हती, आणि ती चूक माझी होती, फिजिओला न विचारता लावलं.

नंतर फिजिओ ताईंनी पाच मिनिटांत समजावलं. आईचा प्रश्न मांडीचा नाहीच, घोट्याचा आहे, पाऊल वर उचललं जात नाही. त्याला एएफओ म्हणून प्लास्टिकचा स्प्लिंट मिळतो, पोटरीपासून तळव्यापर्यंत, बुटात बसतो. तो मापाचा करून घेतला, मशीनच्या मानाने किंमत काहीच नाही, आणि आता आई तोच उंबरा रोज ओलांडते. तेव्हा कुणीही अशा आजारातून उठलेलं असेल तर आधी अडतंय कुठे ते बघायचं, खुब्यात, गुडघ्यात की घोट्यात, आणि तोल कसा आहे ते. ट्रेकिंगसाठी विकली जाणारी ही मशीन कंपन्या स्वतःच मेडिकल डिव्हाइस नाहीत असं सांगतात, ते वाक्य खरंच वाचा.

खरी मेडिकल एक्झोस्केलेटन वेगळीच दुनिया आहे. रीवॉक नावाचं मशीन आहे, इस्रायलच्या अमित गोफर यांनी बनवलेलं, ते स्वतः अपघातानंतर व्हीलचेअरवर होते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि मेडिकल उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला घरी वापरायची मंजुरी दिली. कमरेखाली पाय हलत नाहीत अशा माणसाला ते उभं करून चालवतं, पण हातात कुबड्या लागतात, बरोबर ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतो, हाडांची घनता आधी तपासतात कारण वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ झालेली असतात. उंची १६० ते १९० सेंटिमीटर लागते, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी बायका तिथेच बाद. आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने, त्यासाठी जी रक्कम ठरवली ती ९१ हजार डॉलरच्या वर होती. तुमच्या बाबांना ह्याची गरजच नाही, पण नेटवर हे व्हिडिओ बघून लोक ट्रेकिंगचं मशीन मागवतात आणि तसाच चमत्कार होईल असं धरून चालतात, म्हणून सांगितलं.

आता बाबा. मला सगळ्यात काळजी वाटली ती धाप ह्या शब्दाची. ६७ वर्षांच्या माणसाला जिना चढताना धाप लागते तर पहिला प्रश्न कुठलं मशीन हा नाही, धाप का लागते हा आहे. ईसीजी, गरज पडली तर टूडी इको, हिमोग्लोबिन, थायरॉइड, फुप्फुसं, हे सगळं फॅमिली डॉक्टरकडून एकदा बघून घ्या. मशीन लावलं तर धाप कमी होईलही, तेच मला घाबरवतं, कारण शरीर जी सूचना देतंय ती आपण दाबून टाकू. कृपा करून हे ह्याच आठवड्यात करा.

गुडघ्यांचं म्हणाल तर झिजलेला गुडघा सगळ्यात जास्त बोंबलतो तो उतरताना, आणि कमरेचं मशीन तिथे फारशी मदत करत नाही. काही मशीनमध्ये उतारासाठी वेगळा मोड असतो, माझ्यातही आहे, मांडीला थोडा आधार वाटतो पण गुडघ्यावरचा भार काही जात नाही. गुडघ्यालाच मोटर असलेली मशीनही निघालीत, स्किप नावाच्या कंपनीने आर्कटेरिक्स ह्या ट्रेकिंगचे कपडे बनवणाऱ्या कंपनीबरोबर २०२४ मध्ये मो-गो नावाची पँट जाहीर केली, तिच्यात मोटर गुडघ्यापाशी असते आणि उतरतानाही आधार देते, पण ती पाच हजार डॉलरच्या घरात जाते. त्यापेक्षा बाबांना तीन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, उतरताना दोन्ही हातांत काठ्या, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं, एवढं करून बघा. गुडघेदुखी असलेल्या माणसांवरच्या अभ्यासात दिसलंय की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने कमी होतो. हे काम मोटर करणार नाही.

आता तुमच्याबद्दल, इथे मात्र मी खुश आहे. मी पहिले पंधरा दिवस फक्त पर्वती केली, १०३ पायऱ्या, एकसारख्या. तिथे मशीन मस्त चालतं कारण लय तुटत नाही. नंतर सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. एरवी मी मध्ये दोनदा तरी बसते, त्या दिवशी एकदाही नाही बसले, वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खाताना पाय थरथरत नव्हते. पण रविवारी गेले तर गर्दीत थांब-चाल थांब-चाल होतं आणि मशीनला कळतच नाही तुम्ही थांबणार की चालणार, एकदा मी फोटोसाठी थांबले तर मांडी उगाच उचलली गेली. मोठ्या दगडांवर पाय ठेवताना पाऊल ठरवलं त्याच्या वीतभर पुढे पडतं, ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. तोवर कड्याच्या किंवा घसाऱ्याच्या वाटेवर मशीन बंदच ठेवा, मी आजही ठेवते. आणि काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, घाबरू नका.

जाहिरातीत वॉटचा आकडा मोठ्ठा लिहिलेला असतो त्यावर जाऊ नका. उदाहरणार्थ हायपरशेल एक्स प्रो हे ट्रेकिंगचं मशीन, ८०० वॉट लिहितात, बॅटरी ७२ वॉट-तासांची, म्हणजे ७२ वॉट तासभर देईल एवढी. ८०० वॉट सतत दिले तर बॅटरी साडेपाच मिनिटांत संपेल, म्हणजे तो आकडा क्षणभराच्या जोराचा आहे. उलट हिशोब करा. ७० किलोचा माणूस सिंहगडासारखा ६०० मीटर चढ चढला तर नुसतं वजन वर न्यायलाच साधारण ११४ वॉट-तास लागतात. सगळी बॅटरी कणभरही वाया न जाता वापरली तरी सगळा चढ ती चढवू शकत नाही, काही वाटा उचलते, बाकी पाय तुमचेच. हे एकदा डोक्यात बसलं की अपेक्षा बरोबर राहते. किमीची रेंजही सपाट रस्त्याची समजा, चढावर, सपोर्ट वाढवून, ती कितीतरी लवकर संपते. बॅटरी संपल्यावर ते मशीन दोन-अडीच किलोचं ओझं असतं, मी गडावर नेहमी एक जादा बॅटरी नेते. विमानाने आणणार असाल तर १०० वॉट-तासांच्या आतली बॅटरी केबिन बॅगेत येते, सुटी बॅटरी चेक-इनला टाकू नका.

पाणी. मशीन पाणी-धूळ किती सोसतं त्याचा आकडा म्हणून आयपी ५४ लिहिलेलं असेल तर उडणारं पाणी चालतं, एवढाच त्याचा अर्थ. आपला जुलैचा पाऊस आणि ओढे त्यात बसत नाहीत. मी जून ते सप्टेंबर मशीन कपाटात ठेवते.

घेताना मी मॉडेलपेक्षा तीन गोष्टींना जास्त महत्त्व देईन. पट्टा तुमच्या कमरेवर बसतो का, कारण पोट पुढे असेल किंवा कंबर बारीक असेल तर तो सरकतो आणि मोटर खुब्याच्या रेषेत राहत नाही, मग जोर तिरका लागतो आणि मांडीला घासून लाल होतं, मला झालंय, घामात तर फारच. दुसरं, परत करता येईल का, कारण लावून बघितल्याशिवाय हे कळत नाही. चीनमध्ये ताइशान पर्वतावर २०२५ च्या सुरुवातीला अशी मशीन पर्यटकांना तीन तासांसाठी ६० ते ८० युआन भाड्याने द्यायला लागले, तशी सोय आपल्याकडे एखाद्या गडाच्या पायथ्याशी झाली तर किती बरं होईल, तोवर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून अर्धा तास मागून लावून बघा. आणि तिसरं, रिपेअर. माझं मशीन पाचव्या महिन्यात डाव्या बाजूने कटकट आवाज करायला लागलं, परदेशात पाठवा म्हणाले, बॅटरी असलेलं पार्सल कुरिअरवाले घेईनात, शेवटी भाच्याच्या बॅगेतून गेलं आणि दीड महिन्याने आलं. अमेरिकेत २०२४ मध्ये एका माजी जॉकीचं लाख डॉलरचं मेडिकल मशीन त्याच्या घड्याळासारख्या कंट्रोलरच्या बॅटरीपाशी बिघाड झाला म्हणून बंद पडलं, आणि पाच वर्षं उलटली म्हणून कंपनी आधी दुरुस्त करायलाच तयार नव्हती, बातम्या झाल्यावर झालं ते. तेव्हा सुटे भाग किती वर्षं देणार आणि अ‍ॅपशिवाय मशीन चालतं का, हे लेखी विचारून घ्या.

किंमत साधारण ९०० ते २००० डॉलर, वर कस्टम्स. ट्रेकला पहिल्यांदाच घेताय तर मधल्यातलं घ्या, कार्बन फायबरच्या हलक्या मॉडेलसाठी जास्त पैसे देऊन वाचतात ते दोन-अडीचशे ग्रॅम, तेवढं तर पाण्याच्या बाटलीत कमी-जास्त होतं.

आणि हो, एकच मशीन दोघांना लागेल का, तर पट्टे लहान-मोठे होतात, लागेल. बाबांचे रिपोर्ट नीट आले, फिजिओने तोल तपासून हो म्हटलं, तर सपाट रस्त्यावर, सगळ्यात कमी सपोर्टवर, तुम्ही शेजारी हात धरून, दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पुण्यात असाल तर विकत घ्यायच्या आधी माझंच लावून बघा ना, पावसाळा सोडून बुधवारी आणि शनिवारी सकाळी सहाला मी पर्वतीच्या पायथ्याशी असते, बाबांनाही आणा, ते खाली बसून चहा घेतील तोवर तुमचं एकदा वर जाऊन येणं होईल.