तुझं रडगाणंही तिला ऐकव

पत्र लांबलचक आहे, सगळं छापणं शक्य नाही. त्यातला गाभा एवढा:

"ताई, माझी आणि हिची मैत्री कॉलेजच्या होस्टेलपासूनची. आता समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो, एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे असतात. काही महिन्यांपूर्वी तिच्या कंपनीने अख्खं डिपार्टमेंट बंद केलं आणि तिची नोकरी गेली. मी लगेच कामाला लागले. रोज जाहिरातींच्या लिंक पाठवल्या. ओळखीच्या एकाकडून तिचा सीव्ही नव्याने लिहून घेतला आणि तिला न विचारता आमच्या एचआरकडे दिलाही. नकाराची मेल थेट तिला गेली. ती फोनवर म्हणाली, 'मला मैत्रीण हवी होती, प्लेसमेंट ऑफिस नको.' याच दिवसांत माझ्या सासूबाई पडल्या, मुलाचं शाळेत बिनसलं आणि मला प्रमोशन मिळालं. यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही. तिच्या दुःखापुढे माझं काय घेऊन बसायचं, आणि आनंद तर सांगायची सोयच नाही. प्रमोशनचं तिला माझ्या मुलाकडून कळलं. आता ती मेसेज वाचते, उत्तर देत नाही. मी चुकले का? — गोंधळलेली"

ताई म्हणालीस, म्हणून सरळ एकेरीवर येते.

चुकलीस. पण तुला वाटतंय तिथे कमी आणि दुसरीकडेच जास्त. सीव्ही परस्पर पुढे सरकवलास हे वाईटच झालं. त्याची माफी एका वाक्यात माग: 'तुला न विचारता सीव्ही द्यायला नको होता, पुन्हा असं करणार नाही.' तिथेच थांब. त्यापुढे 'पण मला वाटलं की...' सुरू झालं की माफी गेली पाण्यात, आणि तीच बिचारी तुझी समजूत काढत बसणार.

मला जास्त खटकलं ते पुढचं. सासूबाई पडल्या आणि तू तिला सांगितलं नाहीस? जिच्याकडे तुझ्या घराची किल्ली आहे, तिला? तिच्या जागी उभी राहून बघ. नोकरी गेली, रोजची माणसं गेली, 'हे जरा बघून देतेस का' असं विचारणारा फोन वाजायचा थांबला. आणि जिच्या घरात आपण न विचारता शिरायचो, तीसुद्धा आता अडचणीला हाक मारत नाही. तू तिचा भार हलका करायला गेलीस. तिला मात्र एवढंच कळलं असणार, की आता आपण फक्त मदत घेण्याच्या बाजूला उरलो.

यावर एक जुना अभ्यास मला नेहमी आठवतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीची वस्ती होती. 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गावच बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचे दिवस कसे जातात ते जवळून बघितलं आणि 1933 मध्ये ते सगळं प्रसिद्ध केलं. एवढा रिकामा वेळ हाती, तर माणसं निदान वाचतील, असं कुणालाही वाटेल. घडलं उलटं. ग्रंथालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, तेही फी माफ केलेली असताना. संशोधकांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालीचीही नोंद घेतली. पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे, कुठे पोचायची घाई नसल्यासारखे. याहोदाने पुढे या सगळ्याची नीट मांडणी केली: नोकरी पगाराशिवाय आणखीही काही देते. दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, चारचौघांत ओळख देते, आपल्याहून मोठ्या कशाततरी आपला हात आहे ही जाणीव देते आणि हातपाय हलते ठेवते. तुझ्या मैत्रिणीचं हे सगळं एका मीटिंगमध्ये गेलं. तू त्यातलं फक्त पगाराचं भोक बुजवायला धावलीस.

त्याच वस्तीतली दुसरी गोष्ट बायकांची. त्या भराभर चालायच्या. गिरणी बंद पडली तरी घर कुठे बंद पडतं? धुणं, शिवणं, मुलं, सगळं होतंच, उलट तुटपुंज्या पैशांत ते निभावायचं म्हणून वाढलंच होतं. आणि तरीही त्यांना गिरणीत परत जायचं होतं, ते काही निव्वळ पैशासाठी नव्हे.

हे वाचलं की मला आजच्या घरांतल्या बायका दिसतात. बाईची नोकरी गेली की घर अंगावर येतं. आधी जी कामं चौघांत वाटलेली होती, ती कुणी न बोलता एकीकडे सरकतात. 'तू घरीच आहेस ना' हे वाक्य दिवसातून किती वेळा तिच्या कानावर पडत असेल! गॅसवाला येणार आहे, तू घरीच आहेस ना. मुलीला क्लासला सोडायचंय, तू घरीच आहेस ना. संध्याकाळी नवरा विचारणार, 'आज किती ठिकाणी अर्ज केलेस?' ती सकाळी लॅपटॉप उघडून बसलेली असते, पण तेव्हा दारावरची बेल वाजलेली असते, आजींच्या औषधांची वेळ झालेली असते. इंटरव्ह्यूचा कॉल आला तर तो घ्यायला दार लावून बसता येईल अशी खोली तरी तिच्या घरात आहे का, हे तू कधी विचारलंस? लिंक तिला कुणीही पाठवेल. समोरच्या बिल्डिंगमधलं एक शांत, दिवसभर जवळपास रिकामं घर फक्त तूच देऊ शकतेस. किल्ली तर आहेच तिच्याकडे. 'सकाळी आम्ही सगळे बाहेर असतो, सासूबाई आतल्या खोलीत असतात, तू येऊन हॉलमध्ये बस, वायफायचा पासवर्ड तोच आहे,' एवढं सांग आणि नंतर त्याबद्दल विचारू नकोस. ती किती वेळ बसली, काय केलं, काही नाही.

मात्र एक नीट सांभाळ. तिने घरी येऊन बसणं वेगळं, आणि ती बसलीच आहे म्हणून सासूबाईंकडे बघायची जबाबदारी हळूच तिच्या गळ्यात टाकणं वेगळं. दुसरं केलंस तर तूही 'घरीच आहेस ना'वाल्यांच्या रांगेत. मग तिची मदत मागायची कशी? माझी कसोटी सोपी आहे. तिला नोकरी असताना जी गोष्ट तू तिला बिनदिक्कत सांगितली असतीस, ती आजही सांग. मुलाचं शाळेत बिनसलंय? आधी असं झालं असतं, तर रात्री दहाला फोन करून तिच्याकडे भडाभडा बोलली असतीस ना? मग आजही बोल. तिने पाच वर्षं टीम सांभाळली असं तू लिहिलंयस, तर नव्या पदावर तुझ्याच जुन्या सहकाऱ्यांना काम कसं सांगायचं हा तुझा पेच तिच्यापुढे ठेव. तिला बरं वाटावं म्हणून उसना प्रश्न शोधून काढू नकोस, ती हुशार बाई आहे, लगेच ओळखेल. तुला खरंच अडलंय, तेच विचार. ती उत्तर देताना पुन्हा जुन्या आवाजात बोलेल, बघ.

आता मदत 'दिसण्या'बद्दल. 2000 साली नायल बोल्गर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारी मंडळी आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून त्यांनी रोजच्या रोज नोंदी लिहून घेतल्या. जोडीदार म्हणतोय मी आधार दिला, पण परीक्षार्थीच्या नोंदीत त्याचा उल्लेखच नाही, अशा दिवसांचा फायदा सर्वांत जास्त दिसला. आधार मिळाल्याचं ज्यांना ठळक जाणवत होतं, त्यांना त्याची किंमतही मोजावी लागत होती, कारण त्यासोबत 'माझं मला जमत नाहीये' हेही जाणवतं. जोडप्यांचा अभ्यास होता, मैत्रिणींचा नव्हे, हे खरं. पण रोज सकाळी येणाऱ्या चार लिंक म्हणजे तिला रोज सकाळी आठवण, की तू बेकार आहेस. स्वतःच्या मुलांना शाळेत सोडताना तिच्या मुलीलाही गाडीत घेतलंस, तर त्यात असली आठवण नाही. तसंही तुम्ही पूर्वी करतच होतात.

नोकरी शोधायच्या कामातून तू आपली सुटका करून घे, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलेली गोष्ट आहे: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून खबर लागली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले सहाजणांत एक. बाकीचे सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. जिवलग मैत्रिणींची माणसं तीच, बातम्याही त्याच. तुला जे कळतं ते तिला आधीच कळलेलं असतं. तेव्हा तुझा खरा उपयोग एवढाच, की तुझ्या लांबच्या ओळखीतल्या एखाद्याशी तिची गाठ घालून द्यायची. तीही विचारून: 'अमुक माणूस तुझ्या क्षेत्रात आहे, नंबर देऊ?' ती 'नको' म्हणाली तर नको. 'हो' म्हणाली तर नंबर देऊन बाजूला हो. पुढे काय झालं ते त्या माणसाला फोन करून विचारायचं नाही. (तुझ्या स्वभावावरून हे लिहून ठेवलेलं बरं.)

'काही झालं का गं?' हा प्रश्नही बंद कर. काही झालं असतं तर तिने सांगितलंच असतं. पण अजिबात विचारलं नाही तर पर्वा नाही असंही वाटू शकतं, म्हणून एकदा तिलाच विचारून टाक: 'मी इंटरव्ह्यूंबद्दल विचारलेलं चालतं का, की तूच सांगशील?' ती जे म्हणेल ते पाळ.

प्रमोशन. इथे तू लपवलंस, ते तिला बोचलं असणार. बातमी कळल्यावर तिला क्षणभर असूया वाटली असेलही, त्यात वावगं काही नाही, ती तिची ती पचवेल. लपवलेलं पचत नाही, कारण त्याचा अर्थ होतो की तिचा आनंद खरा असेल यावर तुझा विश्वास नाही. जाऊन सांग: 'मला प्रमोशन मिळालं, मी तुला सांगायला कचरले आणि तुला भलत्याकडून कळलं, याचं मला वाईट वाटतंय.' मग तिने तोंडदेखलं अभिनंदन केलं तर तेवढं घे. पद काही विशेष नाही, डोक्याला तापच आहे, असलं काही म्हणू नकोस. ज्याला नोकरीच नाही त्याच्यापुढे नोकरीच्या तापाचं कौतुक फार वाईट दिसतं. ऑफिसातला खरा वैताग आठवड्या-दोन आठवड्यांनी, बोलणं सुरळीत झाल्यावर सांग, तेव्हा तो खरा वाटेल.

पैशाबद्दल तू लिहिलं नाहीस, पण विषय निघेल. तिने मागितले, तर परत आले नाहीत तरी मैत्रीत खडा पडणार नाही एवढेच दे, आणि घरात सांगून दे. तिने मागितले नाहीत, तर पाकीट सरकवू नकोस. एकत्र बाहेर पडताना मात्र खर्च बेताचा राहील असा बेत आधीच तू आख, म्हणजे 'मला जमणार नाही' हे तिला बोलावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र हे सगळे संकोच बाजूला ठेवून कर. ती दिवसदिवस झोपून राहते, किंवा झोपतच नाही, खाणंपिणं सुटलंय, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलते, असं दिसलं तर तिचा राग-लोभ बघत बसू नकोस. समोर बसून थेट विचार, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटी सोडू नकोस, घरच्यांना सांग आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा. तिथे मी म्हणते, न विचारता केलंस तरी चालेल.

आता बोलणं सुरू कसं करायचं? मेसेज नको. मेसेजला उत्तर न देणं फार सोपं असतं, आणि तू तो तीनदा लिहून खोडणार. समोर जा, बेल वाजव, माफीचं ते एक वाक्य बोल आणि मग सासूबाईंचं सांग. कशा पडल्या, हाड कुठे मोडलं की नुसताच मुका मार, रात्री कोण उठतं, तू किती थकलीस. सगळं. रडू आलं तर येऊ दे. तिने दारातूनच 'बरं' म्हणून वाटेला लावलं, तर घरी ये आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा जा. इतक्या वर्षांची मैत्री आहे, एका फेरीत हात झटकू नयेत.

ताजा कलममध्ये तू विचारलंयस, की प्रमोशनच्या छोट्याशा पार्टीला तिला बोलवू का, सगळी ऑफिसची मंडळी असतील. बोलव, आणि कोण कोण येणार ते आधी सांग. ती नाही म्हणाली तर आग्रह नको, आणि तिच्यासाठी पार्टी रद्दही करू नकोस. आली, तर ओळख करून देताना 'ही सध्या नोकरी बघतेय, कुठे काही असेल तर सांगा' हे तुझ्या तोंडून येता कामा नये. तिला कुणाला काय सांगायचं ते ती सांगेल.