कालव्याचा काठ की गावाचा रस्ता?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एकावन्न वर्षांची शिक्षिका, रावपुऱ्यात राहते. यजमान निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं रोज सकाळी सायकलवर सूरसागर, कमाटीबाग असा फेरा मारतो. दोनदा पंचवीस किलोमीटरही झाले आहेत. आता एक अख्खा दिवस सायकलवर काढायची इच्छा आहे. माझ्या मनात अंकोडिया-शेरखीकडून नर्मदेच्या कालव्याच्या काठाकाठानं जायचं आहे. नकाशात तो रस्ता फार सुंदर दिसतो. यजमान म्हणतात, डभोईच्या मोठ्या रस्त्यानं सरळ वढवाणा तलावावर जाऊ. सासूबाईंना दोन्हीचीही काळजी वाटते. सायकली गियरच्या आहेत, टायर जाड आहेत. काय करावं?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : पत्र वाचून फार आनंद झाला. पहिल्याच खेपेला अख्खा दिवस कालव्यावर काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वढवाण्याला जा, पण मोठ्या रस्त्यानं नको. केवडियाच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी तो रस्ता सुट्टीच्या दिवशी भरलेला असतो.

कालव्याचं आधी सांगते, कारण त्याचा मोह मलाही आवरत नाही. पाणी आपसूक वाहावं म्हणून कालव्याला अगदी नाममात्र उतार देतात. सायकलला तो कळतसुद्धा नाही. सपाट म्हणजे सोपं, असं आपल्याला वाटतं. पण चढ आला की आपण उठून पायडल मारतो, उतारावर पाय थांबवतो. त्यात मनगटांना, मानेला, बसण्याच्या जागेला आपोआप विसावा मिळतो. कालव्यावर तो मिळत नाही. एकाच बैठकीत दीड तास गेला की तळहातांना मुंग्या येऊ लागतात. म्हणून तिथे दर पंधरा-वीस मिनिटांनी, गरज वाटो न वाटो, खोगिरावरून उठायचं आणि वीस आकडे मोजून मग बसायचं.

दुसरी अडचण सावलीची. काठावर मोठं झाड क्वचितच भेटतं. आपल्याकडच्या शाखा कालव्यावर २०१५ साली १० मेगावॅटची सौर पॅनेलं बसवली, त्यांची सावलीही पाण्यावरच पडते. आणि एकदा काठाला लागलात की पुढचा पूल येईपर्यंत बाहेर पडायला वाट नसते. दुकान, हातपंप, घर काही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती तुमच्या सासूबाईंच्या बाजूची आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी जाऊ शेरखीच्या बाजूला गेलो होतो. मार्चचे दिवस होते. साडेदहालाच पिण्याचं पाणी संपलं आणि शेजारून एवढं पाणी वाहत होतं. तोंडावर मारायला दोन ओंजळी घ्याव्यात म्हणून जाऊ उतरली. कालव्याच्या बाजू सिमेंटच्या, तिरक्या, आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळं. तिचा पाय सटकला. मी मागेच उभी होते, तिच्या ओढणीचं टोक हाताला लागलं म्हणून ती वर आली. पोहणाऱ्यालाही त्या उतारावर धरायला काही सापडत नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे : कालव्याचं पाणी डोळ्यांनी बघायचं, त्याला हात लावायचा नाही. पाय धुवायलासुद्धा नाही.

हे सगळं सांभाळून कालवा अनुभवायचा असेल तर एक पूल ते दुसरा पूल एवढंच जा. थंडीत, सूर्योदयाला, सहा-सात किलोमीटर, आणि मग गावातल्या रस्त्यानं परत. काठाचा रस्ता देखभालीसाठी केलेला आहे, फिरणाऱ्यांसाठी नाही. फाटक बंद असेल किंवा चौकीदार नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा.

आता वढवाणा. सायकली छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, घालून डभोईपर्यंत न्या. यात काही कमीपणा नाही. तुमची ताकद चांगल्या रस्त्यासाठी शिल्लक राहते. दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी घाला, आडव्या ठेवाव्या लागल्या तर साखळीची बाजू वर ठेवा.

सुरुवात हिरा भागोळीपासून करा. हा डभोईचा पूर्वेचा दरवाजा, त्यामुळे सकाळचं ऊन थेट बाहेरच्या कोरीवकामावर येतं. जानेवारीत आपल्याकडे सव्वासातच्या सुमारास उजाडतं, साडेसातला तिथे उभं राहावं. इथून वढवाणा सुमारे दहा-बारा किलोमीटर, ईशान्येला. आणि हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक ईशान्येकडूनच येतो. म्हणजे जाताना ताज्या पायांनी वाऱ्याशी झुंजायचं, येताना वारा पाठीशी. कुठलाही रस्ता निवडताना हे बघत जा. परतीचा रस्ता सोपा असला पाहिजे, सकाळचा कसाही चालतो.

वाटेत कापूस, तूर, एरंडाची शेतं लागतात. वेग ताशी बारा किलोमीटर पुरे. याच डभोईतून १८६२ साली खंडेराव महाराजांनी मियागामपर्यंत अरुंद रूळ घातले, त्यांवरची गाडी सुरुवातीला बैल ओढायचे. त्या मुलखात घाई शोभत नाही.

वढवाणा तलाव बडोदा संस्थानानं १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधला, ओरसंग नदीचं पाणी कालव्यानं आणून. सयाजीराव महाराजांचा काळ तो. २०२१ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बंधाऱ्यापाशी सायकली लावा आणि चालत जा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस इथे उतरतात, मोठ्या लालसरीचे थवे असतात. आणि वारकरी तर शेकड्यानं : काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. मराठीत या पक्ष्याला वारकरी म्हणतात, हे तुमच्या वर्गातल्या मुलांना जरूर सांगा. दहानंतर ऊन चढतं आणि पक्षी दूर सरकतात, म्हणून आधी पक्षी, मग न्याहारी.

न्याहारीला दशम्या न्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. लीलो चिवडो नेलात तरी चालेल, मात्र त्यानं तहान वाढते. माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्या. खायला मात्र तलावाच्या किंवा गावतळ्याच्या अगदी कडेला बसू नका. आपल्या जिल्ह्यात मगरी फक्त विश्वामित्रीतच नाहीत, आणि थंडीच्या दुपारी त्या काठावर ऊन खायला येतात.

पावसाळ्यात हा बेत अजिबात नको. डभोईची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये इतकी घट्ट बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

सासूबाईंना डभोईहून, वढवाण्याहून आणि परत डभोईला आल्यावर फोन करा. घरून निघण्याआधीच तिन्ही वेळा त्यांना कागदावर लिहून द्या.

प्रश्न : मी मकरपुऱ्यात राहतो. आजव्याच्या वाटेवर एका महिन्यात मागचं चाक तीनदा पंक्चर झालं. दर वेळी नवीन ट्यूब घातली. टायर बदलू का?
– एक कॉलेज विद्यार्थी

उत्तर : आधी टायर आतून तपास, बाळा. वेड्या बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि टोक आत राहतं, तेच नव्या ट्यूबला पुन्हा टोचतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरव. कापूस अडकेल तिथे काटा. ट्यूब काढतानाच व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूनं खूण करून ठेव, म्हणजे भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवरची नेमकी जागा सापडते. दोन भोकं शेजारी-शेजारी असतील तर काटा नाही, हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर चेपली गेली. आणि विसाव्यासाठी थांबशील तेव्हा सायकल उचलून बाजूला घे, बाभळीखालून ढकलत नेऊ नकोस.