हूडी घरी शिवताय? गळा, रिब, किलोचं कापड आणि आजीचा खांदा

थंडी सुरू झाली की या सदरात स्वेटशर्ट आणि हूडीचे प्रश्न येतातच, पण या वेळी इतके आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर टाकलं. ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवणारे हात आता घरातल्यांसाठी होजियरी शिवायला घेतायत याचा मला फार आनंद आहे. ज्या पत्रांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील ती आधी घेतलीत.

ताई, मिस्टरांसाठी स्वेटशर्ट शिवला. अंगात छान बसला पण गळ्याची पट्टी लोळते, पुढे लोंबते. शिवताना मधेमधे टाकेही सुटतात. मशीन सासूबाईंचं जुनं काळं, पायाचं, फक्त सरळ टाका मारणारं. नवीन मशीन घ्यावं लागेल का?
— चिंचवडहून एक वाचक

नका घेऊ. त्या काळ्या मशीनवर स्वेटशर्ट उत्तम होतो, तुमच्या दोन अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत एवढंच.

टाके सुटतात ते सुईमुळे. आपल्या नेहमीच्या सुईचं टोक अणकुचीदार असतं, सुती कापडाला ते ठीक, पण होजियरी म्हणजे एकात एक अडकवलेले फासे, तिथे टोकदार सुई फासा फोडते नाहीतर कापड ढकलत खाली नेते आणि दोरा खालच्या हुकात अडकतच नाही. दुकानात बॉलपॉइंट सुई मागा, तिचं टोक किंचित गोल असतं, ती फासे बाजूला सारून आत जाते. जाड स्वेटशर्टच्या कापडाला ९०/१४ नंबर. जाताना तुमची जुनी सुई बरोबर न्या आणि तिच्याशेजारी धरून लांबी आणि वरचा दांडा जुळतोय ना बघून घ्या, कारण सगळ्या मशीनना एकच सुई चालत नाही. दोरा पॉलिस्टरचाच घ्या, सुती दोरा कापड ताणलं की तुटतो आणि मग पहिल्याच दिवशी डोक्यातून घालताना कर्र करून शिवण उसवते.

सरळ टाक्यावर शिवताना टाका थोडा मोठा ठेवा, साधारण ३ मिलिमीटर, आणि खांद्यापासून बाहीपर्यंत जिथे जिथे शिवण ताणली जाणार आहे तिथे कापड पुढून-मागून हलकंसं, अगदी हलकंसं ताणून धरत शिवा, मग त्याच्या शेजारून दुसरी शिवण मारा. कडा पिको-फॉलवाल्याकडे इंटरलॉक करून घेतल्यात तर आतूनही नीटनेटकं दिसेल, पण होजियरीचे धागे सुटत नाहीत त्यामुळे नाही केलं तरी बिघडत नाही. खांद्याच्या शिवणीत मात्र अर्ध्या सेंटिमीटरची सुती पट्टी घालाच, हूडी असेल तर नक्कीच, कारण टोपीचं सगळं वजन खांद्यावर येतं आणि दोन-तीन धुण्यांत खांदे दंडावर उतरतात.

आता गळा. पत्रात तुम्ही लिहिलंय की पट्टी गळ्याच्या मापाचीच कापली आणि त्याच कापडाची कापली. लोळण्याचं कारण तेच. गळ्याला, मनगटाला आणि कमरेला रिब लागते, म्हणजे उभ्या रेघांचं ताणलं जाणारं आणि सोडलं की परत जागेवर येणारं कापड, लायक्रा असलेली मिळाली तर सोनं. आणि ती गळ्याच्या घेरापेक्षा कमी कापायची असते. गळ्याचा घेर टेपनं मोजा, शिवणरेषेवर, कडेवर नाही. तो २२ इंच आला तर रिब त्याच्या ८५ टक्के म्हणजे पावणेएकोणीस इंच, अधिक जोडायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया. लायक्राची रिब जास्त खेचते, तिला ८० टक्केही चालतात. रिबचा गोल जोडून दुमडा, त्याचे चार समान भाग करून टाचण्या लावा, गळ्याचेही चार समान भाग करा (खांद्याची शिवण म्हणजे चौथा भाग नव्हे, पुढचा गळा खोल असतो त्यामुळे चौथ्या भागाची खूण शिवणीच्या थोडी पुढे येते), टाचणीला टाचणी जुळवा आणि शिवताना फक्त रिब ताणा. स्वेटशर्टचं कापड टेबलावर स्वस्थ पडलेलं असलं पाहिजे. ते ताणलं गेलं की गळा लाटांसारखा होतो आणि मग इस्त्री करून फार काही हाती लागत नाही.

एवढं करूनही लाटा आल्या तर मशीनच्या फूटचा दाब कमी करा. काळ्या मशीनला फूटच्या दांडीवर, अगदी वर, फिरवायचा स्क्रू असतो तो थोडा सैल करायचा. बटर पेपरची पट्टी खाली घालून शिवली तरी दात कापड खेचत नाहीत, नंतर कागद फाडून काढायचा. तुमचा शिवून झालेला स्वेटशर्टही वाया जात नाही, गळ्याची पट्टी उसवून रिब लावा, बाकी अंगात बसतोय म्हणजे अवघड काम झालेलंच आहे.

आमच्या गावात कापडाला तोटा नाही पण स्वेटशर्टचं कापड मिळत नाही. मुंबईला मिळालं तर ते किलोनं! एका हूडीला किती किलो घ्यायचं?
— इचलकरंजीहून एक वाचक

तुमच्या गावात यंत्रमागाचं कापड, ते विणलेलं, उभा-आडवा धागा असलेलं. हूडीचं कापड गोल मशीनवर फाशांनी तयार होतं आणि ते मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुपूरहून आणि लुधियान्याहून येतं, म्हणून तुमच्याकडे दिसत नाही. होजियरी किलोनं विकायची पद्धत जुनीच आहे, घाबरू नका, फक्त दोन गोष्टी विचारायच्या: जीएसएम किती आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. समजा ३०० जीएसएम आणि पन्हा ६० इंच, म्हणजे दीड मीटरला थोडं वर, तर एक मीटर लांबीचं वजन होतं साधारण ४५७ ग्रॅम, म्हणजे किलोला जवळजवळ २ मीटर २० सेंटिमीटर. तेच कापड ७२ इंच पन्ह्याचं असेल तर किलोला १ मीटर ८० सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या माणसाच्या हूडीला ६० इंच पन्ह्यात पावणेदोन मीटर धरा, टोपी नसेल तर दीड मीटर. रिब वेगळी, एका कपड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम पुरे, पण ती त्याच वेळी त्याच दुकानात रंग जुळवून घ्या, नंतर तोच काळा मिळत नाही.

कुठलं घ्यायचं हे थंडीवर ठरवा. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या थंडीला आतून फासे दिसणारं लूपनिट, २४० जीएसएमच्या आसपासचं, भरपूर होतं. आतून ब्रश करून मऊ केलेलं ३०० च्या वरचं फ्लीस निफाड किंवा महाबळेश्वरला ठीक, नाहीतर दुपारी अंगात ठेववत नाही.

आणि कापायच्या आधी धुवा. धुवाच. सुती होजियरी पहिल्या पाण्यात आटते, रुंदीपेक्षा लांबीत जास्त, त्यामुळे न धुता शिवलेला स्वेटशर्ट बेंबीवर येतो. अमेरिकेत रॉचेस्टरच्या चॅम्पियन कंपनीनं याच आटण्यावर १९३८ साली पेटंट घेतलं होतं, त्यांनी कापड आडवं फिरवून कापायला सुरुवात केली म्हणजे उंची आटणार नाही, आणि आडवा ताण गेला म्हणून बगलेखाली रिबच्या पट्ट्या घातल्या. घरी एवढं करायची गरज नाही, पुढे ज्या पद्धतीनं तो कपडा धुतला जाणार आहे त्याच पद्धतीनं कापड एकदा धुऊन, आडवं पसरून वाळवलं की झालं. दोरीवर लटकवू नका, ओल्या होजियरीला स्वतःचं वजन पेलत नाही. बेतताना ताण अंगाभोवती आडवा यायला हवा हे लक्षात ठेवा.

मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला टोपीला नाडी असलेली हूडी हवी, दादासारखी. नाडी ओवायला आयलेट, म्हणजे धातूचं गोल कडं, कसं बसवायचं?
— ठाण्याहून एक आई

बसवू नका. यात मी अजिबात मऊ बोलणार नाही. घसरगुंडीच्या फटीत, गाडीच्या दारात नाडी अडकून परदेशात मुलं दगावली आहेत, त्यानंतर १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानं लहान मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्याशी नाडी नको अशी सूचना काढली, युरोपच्या मानकातही सात वर्षांखालच्या मुलांना टोपीला नाडी चालत नाही. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळते म्हणून ती सुरक्षित होत नाही. टोपीच्या पुढच्या कडेला दोन इंच रिब लावा, ती चेहऱ्याला धरून बसते, वारा आत जात नाही. दादासारखं दिसायला हवं असेल तर पुढे कांगारू खिसा द्या, म्हणजे पोटावरचा दोन्ही बाजूंनी हात जाणारा मोठा खिसा, मुलांना खरं तर तोच हवा असतो.

सासूबाई ७६ वर्षांच्या, नऊवारी नाही पण रोज पाचवारी साडी. उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, पाठीला थोडं पोक आहे. थंडीत स्वेटर घालताना दोघींची रोजची ओढाताण. त्यांना घालता येईल असं काही घरी शिवता येईल का? सकाळी स्वयंपाकघरात त्याच असतात.
— नाशिकहून एक वाचक

तुमचं पत्र वाचून वाटलं की घरी शिवायचं ते यासाठीच. असा कपडा दुकानात मिळत नाही, कारण दुकानाला तुमच्या सासूबाईंचा खांदा माहीत नाही.

डोक्यातून घालायचं काही नकोच. पुढून पूर्ण उघडणारा करा, टोपी नको, गळ्याला दोन इंच उभी रिब द्या. बाही रॅगलन घ्या, म्हणजे मुंढ्याची गोल शिवण नाही, गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी शिवण. त्यात खांद्याला बंधन राहत नाही. बगल नेहमीपेक्षा दीड इंच खाली उतरवा आणि बाही वरच्या बाजूला दोन इंच जास्त घेराची ठेवा. मापं त्यांनी साडी नेसलेली असताना, पदरावरूनच घ्या, ब्लाउजवर घेतलेलं माप इथे उपयोगाचं नाही.

पोक असल्यानं मागचा भाग वर चढतो आणि कंबर उघडी पडते, थंडी तिथूनच लागते. मागच्या भागाला पाठीच्या मधोमध, खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीवर दीड इंच लांबी वाढवा, म्हणजे पॅटर्न तिथे आडवा कापून मधे तेवढी फट ठेवायची आणि बाजूला शिवणीशी येताना ती शून्य करायची. खाली रिब लावू नका, साडीवर ती वर सरकून निऱ्यांपाशी गोळा होते. एक इंच दुमडून तुरपाई करा आणि दोन्ही बाजूंना चार इंचांचे कट ठेवा. खिसे बाजूच्या शिवणीत, रुमाल आणि चष्मा मावेल एवढे.

बंद कशानं करायचं हे त्यांच्या बोटांवर ठरवा. खालून पूर्ण सुटणारी चेन दिसते छान, पण तिचं खालचं टोक खाचेत घालायला दोन्ही हातांची बोटं धड लागतात. जमत असेल तर चेनला मोठी कडी अडकवा आणि चेन लावायच्या आधी दोन्ही कडांना इस्त्रीनं चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावा, नाहीतर पुढचा भाग वेडावाकडा होतो. जमत नसेल तर वेल्क्रोचे तुकडे आत आणि वरून शोभेची मोठी बटणं. टिचबटणं दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. मॅग्नेटची बटणं सोपी असतात पण पेसमेकर असेल तर अजिबात नको.

कापड हलकं घ्या, २४० चं सुती लूपनिट. खांदा दुखत असताना वजनदार फ्लीस टोचतं. आणि त्या गॅसपाशी असतात म्हणून पॉलिस्टर फ्लीस टाळा, ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. मनगटाला तीन इंच रिब असू दे, बाही वर सरकवली की तिथेच थांबते, ज्योतीवर लोंबत नाही.

घालताना आधी दुखरा हात, मग पाठीमागून फिरवून चांगला हात. काढताना उलट, आधी चांगला, मग दुखरा. हे एवढं पाळलंत तरी सकाळची ओढाताण बरीच कमी होईल. शिवून झाल्यावर कसा झाला ते नक्की कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

जर्मनीत आलोय, इथे कापड छान मिळतं पण पॅटर्नप्रमाणे कापूनही मुलीची हूडी प्रत्येक वेळी घट्ट होते.
— श्टुटगार्टहून एक बाबा

बाबा शिवतायत, वा! बहुधा माया धरायची राहून जातेय. तिथल्या कितीतरी पॅटर्नमध्ये शिलाईची माया धरलेलीच नसते, सूचनांमध्ये 'नाहत्सूगाबे' असा शब्द शोधा, ती नाही असं लिहिलं असेल तर चहूबाजूंनी एक सेंटिमीटर वाढवून कापा. मुलांचे साइज तिथे उंचीचे असतात, ११६ म्हणजे ११६ सेंटिमीटर उंचीचं मूल, वय बघू नका, मुलीला भिंतीशी उभी करून मोजा. 'झोमरस्वेट' म्हणजे आपलं लूपनिट, 'विंटरस्वेट' आतून ब्रश केलेलं, रिब 'ब्युंटशेन' नावानं नळीसारखी गोल मिळते.

मिस्टरांचा जुना स्वेटशर्ट लेकीसाठी लहान करता येईल का?
— अकोल्याहून एक वाचक

हो, आणि पहिल्या शिवणीला यापेक्षा चांगलं काही नाही, कापड आधीच आटून झालेलं असतं. सगळं उसवत बसू नका. लेकीच्या अंगात बसणारा पूर्ण बाहीचा टीशर्ट त्यावर ठेवा, खालची कड मूळ रिबवर जुळवा, बाहीची टोकंही मूळ मनगटाच्या रिबवर, म्हणजे दोन्ही रिब तशाच वापरता येतात, फक्त बाजूच्या शिवणीतून बारीक होतात. टीशर्टपेक्षा चहूबाजूंनी दीड इंच सैल कापा, त्यातच माया आली. गळा मात्र नवीन रिबचा, आणि कोपरापाशी कापड झिजलंय का ते उजेडात धरून आधी बघून घ्या, झिजलं असेल तर बाही थोडी वर सरकवून बेता.