भित्तिका नाही, तरी प्राणीपेशी पसरत का नाही?

तू विचारलंस की वनस्पतीपेशीला पेशीभित्तिका असते, प्राणीपेशीला नसते, मग तिचा आकार टिकतो कसा. नोट्समध्ये 'पेशीपटलामुळे' एवढंच लिहिलंय म्हणतोस. भाऊ, ते खोडून टाक. पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी थर, तेलाच्या तवंगासारखा वाहता. त्याच्या जिवावर आकार उभा राहत नाही.

तू रावेरचा, म्हणून केळीपासून सांगतो. केळीच्या खोडात लाकूड नसतं, नुसती पानांची आवरणं एकावर एक. पेशी पाण्याने फुगतात, भित्तिका त्यांना दाबून धरते, आणि त्या ताठपणावर अख्खा घड पेलला जातो. प्राणीपेशीला हे जमत नाही. रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली की फुगून फुटते. म्हणून प्राणीपेशीच्या पटलातले पंप एटीपी, म्हणजे पेशीची साठवलेली ऊर्जा, खर्चून दर फेरीला 3 सोडियम आयन बाहेर टाकतात, 2 पोटॅशियम आत घेतात. त्यामुळे आत जास्त पाणी शिरत नाही. आकाराच्या उत्तरात हे सहसा कुणी लिहीत नाही, तू लिही.

आकार धरतो तो पेशीकंकाल, म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा. पटलाच्या लगेच आत ॲक्टिनचे सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचे तंतू, त्यांची जाळी ताण घेते. सूक्ष्मनलिका 25 नॅनोमीटरच्या, मांडवाच्या बांबूसारख्या दाब सोसणाऱ्या; फरक एवढाच की हे बांबू सतत सुटतात आणि पुन्हा जोडले जातात. मधल्या जाडीचे, 10 नॅनोमीटरचे तंतू मुलं पाठ करून विसरतात. पण त्वचेत हे तंतू केराटिन या प्रथिनाचे असतात; त्याच्या जनुकात दोष असला तर नुसत्या घासण्याने फोड येतात, इतकं त्यांच्यावर अवलंबून आहे.

सगळ्यात पक्का पुरावा तांबड्या पेशीचा. तिच्या पटलाखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. साबणासारख्या द्रव्याने पटलातली चरबी विरघळवली तरी उरलेली जाळी पेशीचा आकार बऱ्यापैकी राखते. हीच जाळी 7-8 मायक्रॉनच्या पेशीला तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाऊ देते आणि पलीकडे पूर्ववत करते, पेशीच्या साधारण 120 दिवसांच्या आयुष्यभर.

नंदुरबारकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तो तुला ऐकून माहीत असेल. तिथे मूळ दोष जाळीत नसतो. ऑक्सिजन कमी झाला की बिघडलेलं हिमोग्लोबिन आतच लांब काड्यांसारखं जुळतं आणि पेशीला विळ्याचा आकार देतं. पुन्हा पुन्हा तसं झालं की जाळीही दुखावते, मग ऑक्सिजन मिळाला तरी काही पेशी वाकड्याच राहतात.

आकृतीत जाळी पेशीच्या मधोमध तरंगती काढू नकोस. पटलाला आतून चिकटलेली दाखव.