घेतानाचा भाव आणि विकतानाचा भाव

जळगाव

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. बारावीनंतर बी.बी.ए.ला प्रवेश घ्यावा आणि त्यात उद्योजकता हा विशेष विषय निवडावा असे तुझ्या मनात आहे; तुझ्या वडिलांचे म्हणणे असे की धंदा काही कॉलेजात शिकून येत नसतो, तेव्हा तीन वर्षे त्यात घालवण्यापेक्षा बँकेच्या परीक्षांची तयारी करावी. तुम्ही दोघेही मला जवळचे असल्यामुळे गोलमोल उत्तर देऊन मोकळे होणे सोपे होते, पण तसे मी करणार नाही. तू हा अभ्यासक्रम घ्यावास, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कशासाठी घ्यायचा, याबाबत मात्र तुझ्या पत्रातली कल्पना मला पटलेली नाही, आणि हे पत्र लांबणार आहे ते त्यामुळेच.

आधी तुझ्या वडिलांच्या शंकेविषयी. हा विषय विद्यापीठांत आला तो फार जुना नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस यांनी १९४७ साली नवे उद्योग उभारण्याविषयीचा पहिला वर्ग घेतला आणि त्याला १८८ विद्यार्थी बसले होते. त्याच्याही थोडे आधी, २९ डिसेंबर १९४५ रोजी आपल्या अमळनेरात मोहम्मद हशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप तयार करणारी कंपनी स्थापन केली होती, आणि पुढे तिचीच विप्रो झाली. म्हणजे वर्ग भरण्याआधीही धंदे उभे राहतच होते आणि वडिलांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण डॉक्टरकीचे कॉलेज निघण्याआधीही वैद्य होतेच की. कॉलेजने माणूस शहाणा होतो असे नाही. एकाने वीस वर्षे ठेचकाळत जे जाणून घेतले ते दुसऱ्याला तीन वर्षांत निदान नावानिशी ओळखता येते, आणि माझ्या अनुभवाने ही गोष्ट लहान नाही.

या विषयातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली व्याख्या फार जुनी आहे. पॅरिसमध्ये सावकारी करणारा रिचर्ड कँटिलन नावाचा एक आयरिश गृहस्थ होता. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मते उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने घेणारा आणि न ठरलेल्या भावाने विकणारा माणूस. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझ्या वडिलांची केळीची बाग आली. ते ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे त्या हंगामातली केळी, लावतात, तेव्हा रोपांचा, खतांचा, ठिबकच्या नळ्यांचा, मजुरीचा भाव त्यांना ठाऊक असतो आणि तो त्यांना द्यावाच लागतो. पण वर्षभराने घड कापणीला येतील त्या दिवशी रावेरला केळीचा काय भाव निघेल, हे त्यांना कोणीही सांगू शकत नाही. त्यांच्याकडून माल घेणारा व्यापारीही आजच्या भावाने घेतो आणि तीन-चार दिवसांनी दिल्लीत गाडी रिकामी होईल तेव्हाच्या भावाने विकतो. त्या दोन भावांच्या मधली जी फट आहे, तिच्यात उभे राहणे हा धंदा. वडिलांना हे सांग. ते स्वतः उद्योजक आहेत आणि त्यांच्या मुलीला त्यांच्याच कामाचा अभ्यास करायचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले तर त्यांचा विरोध बराच मावळेल.

आता तुझ्या कल्पनेविषयी. तू लिहितेस की तीन वर्षांत एखादी जबरदस्त आयडिया सापडली की पुढचे आपोआप जमेल. ज्या वर्गांत मी अधूनमधून शिकवायला जातो, तिथेही बहुतेक मुलांची हीच समजूत असते. एक गोष्ट मी तुला माझ्या स्वतःच्या धंद्यातली सांगतो, कारण तिच्याएवढे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

माझ्या डाळ मिलचा पाचवा हंगाम होता. एका शनिवारी संध्याकाळी हमाल आणि तूर निवडणाऱ्या बाया पगारासाठी ओट्यावर बसल्या होत्या. आत गोदामात पोत्यांची थप्पी छताला टेकली होती, टेबलावर लेखापालाने त्याच दिवशी पाठवलेला ताळेबंद होता, आणि त्यात मागच्या वर्षाचा नफा चांगला ठळक आकड्यांत दिसत होता. गल्ल्यात मात्र पगार पुरा होईल एवढी रोकड नव्हती. मी तो कागद आणि तो गल्ला एकामागून एक पाहत राहिलो आणि दोन्ही खरे कसे असू शकतात ते मला कळेना. त्या रात्री शेजारच्या गाळेवाल्याकडून उसने आणून पगार केले. पुढे परराज्यातल्या एका मोठ्या खरेदीदाराने महिन्याच्या वायद्याचे पैसे पाच महिन्यांनी दिले, आणि तोपर्यंत बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जाची, मर्यादा भरून गेल्यामुळे, तूर सर्वांत स्वस्त होती त्या ऐन हंगामात माझी मिल बंद राहिली. माझी कल्पना चुकली नव्हती, डाळ चांगली होती, गिऱ्हाईकही होते. मला फक्त पैशाचा फेरा मोजता येत नव्हता.

तो कसा मोजायचा ते इथेच करून पाहू, म्हणजे मी काय म्हणतो ते तुला कळेल. आकडे समजुतीपुरते आहेत. समज, एक क्विंटल तूर ७,००० रुपयांना घेतली आणि हमाली, तोलाई, वीज, मजुरी, बारदान धरून वर ६०० रुपये खर्च आला. म्हणजे ७,६०० रुपये गुंतले. तिच्यातून ७२ किलो डाळीचा उतारा मिळाला आणि ती १०५ रुपये किलोने गेली, तर ७,५६० रुपये आले. २० किलो चुणी आणि टरफल २० रुपयांनी गेले, त्याचे ४०० आले. एकूण ७,९६०, म्हणजे नफा ३६० रुपये. आता बँकेचे व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का असेल, तर ७,६०० रुपये एक महिना अडकले की ७६ रुपये गेले. तीन महिने उधारी राहिली की २२८ गेले आणि हातात १३२ उरले. पाच महिने राहिली की व्याज ३८० झाले आणि आपण पदरचे २० रुपये घालून दुसऱ्याला डाळ खाऊ घातली. यात तेच पैसे पंधरा दिवसांत परत आले असते तर आपण पुन्हा तूर घेऊन आणखी किती फेरे केले असते, ते अजून धरलेलेच नाही. याला पुस्तकात खेळत्या भांडवलाचे चक्र म्हणतात, आणि माझ्या माहितीतले जे धंदे आपल्या औद्योगिक वसाहतीत बसले, त्यांतले बरेचसे माल न खपल्यामुळे बसले नाहीत, या चक्रात अडकून बसले.

म्हणून माझी पहिली आणि आग्रहाची सूचना अशी की उद्योजकता हा विशेष विषय जरूर घे, पण जीव लाव तो परिव्यय लेखांकनाला, म्हणजे मालाचा खरा खर्च काढण्याच्या विषयाला, आणि वित्त व्यवस्थापनाला. मुले हे विषय पास होण्यापुरते करतात आणि प्रकल्प-स्पर्धेत रंगीत स्लाइड दाखवण्यात सगळी हौस भागवतात. त्या स्लाइडवर पाच वर्षांची विक्री दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी चढत गेलेली असते. ज्या मुलांनी आपल्या घरी एका आठवड्यात केळीचा भाव निम्म्यावर आलेला पाहिला आहे, त्यांनी असा तक्ता भरावा याचे मला वाईट वाटते. त्या तक्त्यात भाव पडला तर काय आणि पैसे तीन महिने उशिरा आले तर काय, असे दोन रकाने तू स्वतःहून वाढव. परीक्षकांनी मागितले नसले तरी.

आयडियाविषयीही संशोधन झालेले आहे. सरस सरस्वती या विदुषींनी २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ साली जे मांडले, त्याचा आशय असा की हे लोक आधी मोठे ध्येय ठरवून मग साधने शोधत नाहीत. मी कोण, मला काय येते आणि मी कोणाला ओळखतो, इथून ते निघतात आणि जेवढे बुडाले तरी चालेल तेवढेच पणाला लावतात. आपल्याकडे याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जैन इरिगेशन ही ठिबक सिंचनाची कंपनी उभारणारे वाकोदचे भवरलाल जैन कायद्याचे पदवीधर होते, सरकारी अधिकारपदाची वाट त्यांना खुली होती. त्यांनी १९६३ साली ७,००० रुपयांवर रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली. पुढे १९७८ साली त्यांनी केळीची पावडर करणारा एक बंद पडत आलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य काढायला सुरुवात केली. नळ्या आणि ठिबक त्यानंतरचे. रॉकेल विकताना त्यांच्या डोक्यात ठिबक सिंचन नव्हते; शेतकऱ्यांची ओळख, त्यांच्या गरजांची माहिती आणि शब्दाची पत मात्र तेव्हापासूनच गोळा होत होती. तुझ्याजवळ आज काय आहे? केळीची बाग, वेफर्स तळणारी मावशी, मराठी आणि हिंदी दोन्ही सफाईने बोलण्याची सवय, आणि बऱ्हाणपुरात राहणारा मामा. हे थोडे नाही.

दुसरी सूचना: पहिल्या सत्रापासून काहीतरी खरोखर विकायला लाग, अगदी लहान प्रमाणात. मावशीबरोबर कच्च्या केळीचे वेफर्स कर. किती किलो केळीतून साल काढल्यावर किती गर राहिला, तळल्यावर किती वेफर्स उतरले, किती तेल आटले, हे काट्यावर मोजून वहीत लिही; कोणाला विचारू नकोस, कारण नवती (नवी लागवड) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली बाग) यांच्या केळीत फरक पडतो की नाही, हे तुझे तुलाच मोजून कळेल. मग दहा दुकानांत पाकिटे ठेव आणि कोणता दुकानदार पैसे कधी देतो ते लिही. तीन महिन्यांत त्या वहीत जे येईल, ते तुझ्या वर्गातल्या कुठल्याही व्याख्यानाला टेकू देईल. यासाठी कर्ज काढू नकोस आणि वडिलांकडून ५,००० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नकोस.

कर्ज आणि अनुदानाविषयी तू विचारले आहेस, तर थोडक्यात सांगतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे. पण ते अनुदान तुझ्या हातात पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत ठेवीसारखे पडून राहते आणि धंदा चालू राहिला तर मग कर्जात वळते होते. ज्यांनी हा नियम न वाचता अनुदानाच्या भरवशावर यंत्र घेतले त्यांची फजिती मी पाहिली आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन माहिती घे, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, समजून घे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येते. मागायला मात्र लहान उत्पादक धजत नाही, कारण गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. कायदा पाठ कर, आणि त्याच्या आधाराला न जाता पैसे कसे वसूल करायचे ते बाजारातल्या जुन्या माणसांकडून शीक.

प्रवेशाचे सोपे आहे. २०२४-२५ पासून बी.बी.ए. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तेव्हा अर्जाची तारीख चुकवू नकोस. माझ्या विद्यार्थिदशेत आपल्या भागाचे विद्यापीठ नव्हते, पुण्याकडे तोंड करून बसावे लागे. ते १९९० साली झाले आणि आज तुझ्या घरापासून तासाभरात पोचता येते. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रशिक्षणासाठी कुठे पाठवतात आणि तिथे त्यांना हिशेबाला हात लावू देतात का, एवढे त्या मुलांनाच विचार.

पदवीनंतर लगेच स्वतःचा धंदा काढला नाहीस तरी मला चालेल. दोन वर्षे एखाद्या डाळ मिलच्या किंवा पाइप कारखान्याच्या वसुली विभागात नोकरी कर. वडिलांनाही स्वस्थता वाटेल आणि दुसऱ्याच्या पैशावर उधारीचा धडा तुला मिळेल. माझा धडा फार महाग पडला, तुझा तेवढा पडू नये म्हणून हे सगळे लिहितो आहे.

येत्या रविवारी सकाळी घरी ये. येताना वडिलांची गेल्या तीन बागांची खर्चाची वही घेऊन ये. त्यांची स्वतःची आणि तुझ्या आईची मजुरी त्या वहीत कुठेच लिहिलेली नसणार, जमिनीचा खंडही धरलेला नसणार. ते दोन्ही घालून एका घडाचा खरा खर्च किती येतो, तो आपण काढू. वडिलांनाही बरोबर आण, कारण ते आकडे तेच सांगू शकतील.

तुझे,
नाना