आपले डॉक्टर नव्या इमारतीत सापडतील का?

वस्तीतले छोटे दवाखाने बंद करून सगळ्या डॉक्टरांना एकाच आरोग्य केंद्रात बसवायचं, या बेताबद्दल बरीच पत्रं आली. कुणाला तो हवासा वाटतो, कुणाला धास्ती वाटते. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडचे तीन दवाखाने मिळून सहा डॉक्टरांचं एक केंद्र होणार आहे. सगळ्या सोयी एकाच ठिकाणी मिळणार असतील, तर लोक विरोध का करतात?

उत्तर : सोयी खऱ्याच आहेत. एकट्या डॉक्टरला ईसीजीचं यंत्र, ड्रेसिंगची वेगळी खोली, पूर्णवेळ नर्स हे सगळं झेपत नाही. डॉक्टर स्वतः आजारी पडले की दाराला कुलूप. कल्पनाही आजची नाही. ब्रिटनमध्ये डॉसन समितीने १९२० मध्येच अशी केंद्रं सुचवली होती. पण त्याच देशात २००७ मध्ये लंडनसाठी मोठ्या 'पॉलिक्लिनिक'ची योजना पुढे आली, तेव्हा वस्तीतल्या दवाखान्यांच्या बाजूने १२ लाखांच्या आसपास सह्या गोळा झाल्या.

ही धास्ती इमारतीची नसते, आपले डॉक्टर हरवण्याची असते. सहा डॉक्टरांच्या केंद्रात 'जो मोकळा असेल त्याच्याकडे जा' अशी पद्धत ठेवली, तर आपल्याच डॉक्टरांशी गाठ पडण्याची शक्यता सहात एक. दर खेपेला पहिल्यापासून सगळं सांगायचं. कधी न कुरकुरणारा माणूस 'जरा छातीत जड वाटतंय' म्हणाला, तर त्याला वर्षानुवर्षं ओळखणारा डॉक्टर लगेच सावध होतो. नव्याला ते वाक्य साधंच वाटतं. नॉर्वेतल्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना जेमतेम वर्षभर असलेल्यांशी केली होती. पहिल्या गटात मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्के, तर तातडीने रुग्णालयात भरती होण्याची सुमारे २८ टक्के कमी आढळली. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

म्हणून आमचं मत असं : फोन, नोंदी, तपासण्या, नर्स खुशाल एकत्र करा, पण प्रत्येक पेशंट एका डॉक्टरच्या नावावर राहू द्या. ते रजेवर असतील तेव्हा कोण बघणार, हेही आधीच ठरलेलं असावं. दोन किंवा तीन डॉक्टरांचा गट केला की हे जमतं. खिडकीवरच्या माणसाचा पहिला प्रश्न 'काय होतंय?' नसून 'तुमचे डॉक्टर कोण?' हा हवा. हे पाळलं जातंय का, ते मोजणं सोपं आहे. तुमच्या मागच्या दहा भेटी काढा आणि त्यांतल्या किती एकाच डॉक्टरकडे झाल्या ते पाहा. केंद्राने हाच आकडा सगळ्यांसाठी काढून, एकत्र होण्याआधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा असा शेजारी शेजारी लावावा. वयस्कर आणि दीर्घ आजाराच्या पेशंटांचा आकडा वेगळा दाखवावा, कारण सरासरीत त्यांचे हाल झाकले जातात.

प्रश्न : नवं केंद्र 'फक्त एक किलोमीटर' लांब आहे म्हणतात. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. आमची तक्रार उगीच आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तब्येत बरी असलेला माणूस एक किलोमीटर बारा-पंधरा मिनिटांत चालतो. सेकंदाला ०.८ मीटर या वेगाने चालणाऱ्या वृद्धाला त्याच अंतराला २१ मिनिटं लागतात, तीही कुठेही न थांबता. नकाशावरचं सरळ अंतर बाजूला ठेवा. घराच्या दारापासून केंद्राच्या दारापर्यंत, रस्ता ओलांडायला थांबावं लागतं त्यासकट, घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा सभेत द्या.

इमारतीचंही बघा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १ ला १२ धरतात. म्हणजे जेमतेम १५ सेंटिमीटरची एक पायरी असली तरी १.८ मीटर लांब उतार लागतो. पायरीवर टेकवलेली फळी म्हणजे उतार नव्हे. खुर्ची वळवायला आत दीड मीटर मोकळी जागाही हवी. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांच्यासाठी घरभेटीचे वार ठरवून मागा, किंवा जुन्या दवाखान्याची एक खोली आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवायला सांगा. रक्तदाब, ड्रेसिंग, इंजेक्शन यांसाठी ती पुरते.

प्रश्न : जुन्या केसपेपरांचं काय होतं? संगणकावर सगळं आपोआप जातं ना?

उत्तर : आपोआप काहीच जात नाही, आणि सगळ्यात धोक्याच्या चुका इथेच होतात. एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात, कारण एका दवाखान्यात आडनाव आधी लिहितात, दुसऱ्यात नाव. ३ एप्रिलची तारीख एका प्रणालीत ०३/०४ असते, दुसरी ती ४ मार्च अशी वाचते. औषधाची ॲलर्जी केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेली असते; नव्या प्रणालीत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना असतो आणि तो रिकामाच राहतो.

एक उदाहरण नीट पाहा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. नोंद नव्या प्रणालीत नेताना 'आठवड्यातून एकदा' मधला आठवडा गळला आणि 'दिवसातून एकदा' झालं, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून अशी औषधं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन, यांची प्रत्येक नोंद माणसाने डोळ्यांनी तपासलीच पाहिजे. बाकीच्यांसाठी, कुठल्याही क्रमाने उचललेले ५० केसपेपर जुन्या-नव्या नोंदींशी ताडून पाहावेत. औषध, मात्रा, ॲलर्जी यांत एकही चूक निघाली तर काम थांबवून कारण शोधायचं, नुसती ती नोंद दुरुस्त करून पुढे जायचं नाही. जुनी प्रणाली निदान वर्षभर वाचण्यापुरती चालू ठेवावी.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते : पुढच्या तारखांची वही. थायरॉइडची तपासणी, तीन महिन्यांनी द्यायचं इंजेक्शन, बाळाचा पुढचा डोस हे बऱ्याच दवाखान्यांत कंपाउंडरच्या डोक्यात किंवा त्याच्या वहीत असतं. तो माणूस नव्या केंद्रात नसला तर त्या तारखाही गेल्या. तुम्ही स्वतः एका कागदावर चालू औषधं मात्रेसकट, ॲलर्जी, शेवटच्या तपासण्या आणि पुढची तारीख लिहा, जुन्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि पहिल्या भेटीला सोबत न्या.

प्रश्न : स्थलांतरात लसी खराब होतात का?

उत्तर : निष्काळजीपणा झाला तर होतात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण हेपटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी गोठल्या तरी निकामी होतात. हलवताना त्यांना फ्रीजरमधून नुकतंच काढलेलं बर्फाचं पाकीट लावू नये. पाकिटाला बाहेरून घाम यावा आणि हलवल्यावर आत बर्फ सुटल्याचा आवाज यावा, मगच ते पेटीत ठेवायचं. नव्या फ्रीजचं तापमान लसी ठेवण्याआधी काही दिवस सकाळ-संध्याकाळ नोंदवलेलं असावं.

प्रश्न : सभेत नेमकं काय मागायचं?

उत्तर : तोंडी आश्वासन नको, लेखी मागा. कोणते डॉक्टर येणार आणि कोणते निवृत्त होणार, हे आधी विचारा. सहा म्हणता म्हणता चारच उरतात. सोमवारी सकाळी सगळ्यांचे फोन एकाच वेळी येतात, तेव्हा किती माणसं फोन उचलणार ते विचारा. तीन दवाखान्यांचे तीन फोन जाऊन एक झाला आणि उचलणारा एकच राहिला, तर रांग तिप्पट होते. फोन न वापरणाऱ्यांनी समोर येऊन नंबर लावला तर चालेल का, तेही लिहून घ्या. आणि जुन्या जागांचा ताबा पहिले सहा महिने सोडू नये, अशी अट घाला. एकदा जागा गेली की नव्या केंद्राचं काही बिनसलं तरी परत फिरायला दार उरत नाही.