मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या कस्टमर केअरशी मराठीत बोलायचंय, नंबर कुठे मिळेल?

तुम्ही विचारलंय की आईसाठी मागवलेली वस्तू खराब निघाली, ॲपमधलं यंत्र तीच तीच उत्तरं देतंय, तर या कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेचा, शक्यतो मराठी बोलणाऱ्या माणसाचा, नंबर कुठे मिळेल.

नंबर मी देणार नाही. दुसऱ्या कुणी दिला तरी तो लावू नका. नेटवर शोधून सापडलेला कस्टमर केअरचा नंबर मी एकदाच लावलाय आणि त्या दिवशी माझं बँक खातं थोडक्यात वाचलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मुलाने आम्हाला मिक्सर पाठवला. म्हणजे ऑर्डर त्याने पुण्यातून केली, त्याच्या खात्यावरून, पत्ता आमचा कराडचा. ४,२९९ रुपये. खोकं कोरं करकरीत, टेप जागच्या जागी. बायकोने चटणीचं भांडं धुवायला घेतलं, झाकणाची रबरी रिंग काढली, तर खाचेत वाळलेल्या लसूण चटणीचा लाल थर. नखाने खरवडला तर वास अजून येत होता. कुणीतरी वापरून परत केलेला मिक्सर आमच्याकडे नवा म्हणून आला होता.

मुलाला कळवलं. "रिटर्न टाकतो बाबा, दोन मिनिटांचं काम आहे." तिसऱ्या दिवशी पिकअपवाला आला. त्याने मिक्सर उलटा केला, तळाच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर मोबाईलमधल्या नंबराशी ताडून पाहिला आणि म्हणाला, "काका, मॅच होत नाही, मला घेता येत नाही." खोक्यावरचा नंबर त्याच्याकडच्याशी जुळत होता, मशीनवरचा जुळत नव्हता. खोकं एकाचं, मशीन दुसऱ्याचं आणि संशय आमच्यावर. त्याने पिकअप कॅन्सल केलं आणि गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मुलगा म्हणाला, "मी मीटिंगमध्ये आहे, नेटवर कंपनीचं नाव टाका, नंबर येईल, बोलून घ्या." टाकलं. पहिलाच नंबर लावला. एका रिंगेत उचलला, गोड हिंदी, वाक्यागणिक 'सर'. पैसे आत्ता परत करतो म्हणाला, फक्त एक ॲप उतरवून घ्या म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, आणि खातं चालू आहे का बघायला पाच रुपये पाठवा. मी ॲप शोधायलाही लागलो होतो. तेवढ्यात लक्षात आलं, या माणसाने मला ऑर्डर नंबर विचारलेलाच नाही. पंचायत समितीत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी आवक-जावकच्या टेबलावर. संदर्भ क्रमांक न विचारता जो काम करून देतो म्हणतो, त्याच्याकडे ते प्रकरण नसतंच. फोन ठेवला. अशा फोनवर तुमचे पैसे गेलेच तर घरात चर्चा करत बसू नका, लगेच १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितका उशीर, तितकी रक्कम मध्ये अडवणं अवघड.

खरा रस्ता ॲपमधूनच आहे. ऑर्डर उघडा, मदतीवर जा, तीनचार पर्याय ओलांडले की फोनचा पर्याय येतो. बहुतेक वेळा तो आपण लावायचा नसतो, ते आपल्याला करतात. चॅटमध्ये 'माणसाशी बोलायचंय' असं दोनतीनदा लिहिलं की यंत्र बाजूला होतं. भाषा विचारली तर मराठी निवडा. नाही विचारली तरी सुरुवात मराठीतच करा, समोरच्याला येत नसेल तर तो सांगेल. मराठीत बोलणारं माणूस मला सात फोनांत दोनदा मिळालं.

पण ते फोन करतात तो खात्यावर नोंदवलेल्या नंबरावर, आणि आमचं घोडं तिथेच अडलं. खातं मुलाचं, नंबर मुलाचा, फोन मुलाला. त्याने मीटिंगमधूनच "हो हो, ठीक आहे" म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी ॲपमध्ये शेरा: ग्राहकाशी बोलणं झालं, तक्रार बंद. न बोलताच प्रकरण निकाली! मी चिडलो, तर म्हणाला, चार हजारांसाठी किती डोकं लावायचं, सोडून द्या, मी दुसरा पाठवतो. आमचा हा वाद जुना आहे. माझ्या वह्या, पावत्या, पोचा त्याला पसारा वाटतात. "सगळं मेलवर असतं, बाबा." असतं ना, पण बघतो कोण?

दिवाळीला तो चार दिवस घरी आला तेव्हा त्याचा फोन मी माझ्याकडे ठेवून घेतला. दोनशे पानी वही काढली, रकाने आखले: तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, तक्रार क्रमांक, काय सांगितलं, कधीपर्यंत. सात फोन झाले. सातांपैकी पाच ओळींत शेवटच्या रकान्यात एकच मजकूर, '४८ तासांत'. सातव्या फोनवर मराठी मुलगी होती. तिला मी सगळ्या ओळी तारखेसकट वाचून दाखवल्या. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, हे सगळं लेखी पाठवाल का? मला इथे शेवटची तक्रार उघडी दिसतेय, आधीच्या सगळ्या बंद दाखवतायत." आपण महिनाभराची हकीकत सांगत असतो आणि समोरच्यापुढे प्रकरण आजच सुरू झालेलं असतं. त्या पोरीने मला जे सांगितलं ते आधीच्या सहा जणांनी सांगितलं असतं तर माझी दिवाळी नीट गेली असती.

लेखी कुठे पाठवायचं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, हुद्दा, संपर्क आपल्या साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्याच्या आत, हे त्याच नियमांत आहे. पोच हा शब्द कायद्यात आहे म्हटल्यावर मुलाला मुद्दाम वाचून दाखवला. तुम्हाला हवा असलेला संपर्क हाच. साइटच्या अगदी तळाशी किंवा अटींच्या पानावर बारीक अक्षरात असतो.

मेल मी मराठीत लिहिला. मुलगा इंग्रजीत लिहून द्यायला तयार होता, मी नको म्हटलं. विषय एका ओळीत, संदर्भ म्हणून ऑर्डर नंबर आणि सातही तक्रार क्रमांक, मग हकीकत, शेवटी मागणी: पूर्ण रक्कम परत. सोबत तीन फोटो, खोक्यावरचा नंबर, मशीनवरचा नंबर आणि ती रिंगेखालची चटणी. पोच दुसऱ्या दिवशी आली, इंग्रजीत. उत्तर आठ दिवसांनी आलं, तेही इंग्रजीत: विक्रेत्याने परतावा नाकारला आहे.

मग १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, टोल फ्री, सकाळी ८ ते रात्री ८, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज. १७ भाषांत चालते, त्यात मराठी आहे. तिथे मी पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत मराठीत बोललो. मिक्सर मुलाने घेतला, वापरणार आम्ही, मग तक्रार मी करू शकतो का, असं मुलगा विचारत होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच धरलाय. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, वहीत आठवी ओळ पडली. बारा दिवसांनी कंपनीतून फोन आला, या वेळी माझ्या नंबरावर, आणि दुसऱ्या दिवशी ४,२९९ रुपये मुलाच्या खात्यात जमा झाले.

म्हणून माझं मत घ्या. आईसाठी मागवायचंय ना, तर आईच्या नावाचं खातं उघडून द्या, तिचा नंबर टाका, आणि चार वेळा शेजारी बसून शिकवा. 'तुला काय कळतंय, मी मागवतो' हे प्रेम असेल, पण वस्तू बिघडल्यावर तिला स्वतःच्या मिक्सरबद्दल कंपनीशी बोलायची सोय राहत नाही. माझं खातं आता वेगळं आहे. मुलाला ते अजून पटलेलं नाही. न पटू दे.

दोनचार गोष्टी राहिल्या. १९१५ वाले कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत, ते तक्रार पुढे पाठवून पाठपुरावा करतात. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही घ्यावाच लागतो असं नाही. मुदत दोन वर्षं. माझ्यावर ती वेळ आली नाही, त्यामुळे तिथल्या तारखांबद्दल मी काही सांगत नाही. मराठी मेलमुळे काम झालं असंही मी म्हणणार नाही, काम १९१५ मुळे झालं. पण १९१५ ला सांगायला आठ ओळी तयार होत्या त्या वहीमुळे. आणि वस्तू आल्या आल्या खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढत जा. तो आमच्याकडे असता तर कदाचित पहिल्याच आठवड्यात भागलं असतं.

मिक्सर अजून आमच्या माळ्यावर आहे. पैसे देताना म्हणाले होते, माणूस पाठवून नेऊ. कुणी आलेलं नाही. खोक्यात तसाच बांधून ठेवलाय, रिंगही धुतलेली नाही. जो कुणी न्यायला येईल त्याच्याकडून सहीची पोच घेऊन मगच देईन, त्याची ओळ वहीत आखून ठेवली आहे.